मुखवट्याचे वारसदार

फॅन फिल्म म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे पात्र घेऊन चाहत्यांनी हौसेने केलेला चित्रपट. पात्र मूळ चित्रपटातले, वेश मूळ चित्रपटातला, गावही बहुधा तेच. गोष्ट मात्र नवी. ती विकायची नसते, तिच्यासाठी तिकीट लावायचे नसते आणि हक्कदाराने हरकत घेतली तर निमूटपणे मागे घ्यायची असते. अंतराळकथा, सुपरहिरो, जादूगार अशा सगळ्याच प्रांतांत असे चित्रपट होतात, पण भयपटांच्या प्रांतात त्यांना एक वेगळे वळण लागले आहे. इथे चाहत्यांना नायक नको असतो. त्यांना खलनायक हवा असतो.

त्याचे कारण या चित्रपटांच्या घडणीतच आहे. 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' (१९७४), 'हॅलोवीन' (१९७८), 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) आणि 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४) या चार चित्रपटांनी अमेरिकी भयपटांच्या चार लांबलचक मालिका सुरू केल्या. त्यांतली तरुण मुले-मुली भागागणिक बदलत गेली, मेली, विसरली गेली. कायम राहिले ते लेदरफेस, मायकल मायर्स, जेसन व्हूर्हीस आणि फ्रेडी क्रूगर. शिवाय पहिल्या तिघांचा चेहरा झाकलेला आहे. जेसनच्या पहिल्या सहा चित्रपटांत एकाही नटाला ती भूमिका दुसऱ्यांदा मिळाली नाही. १९८८ च्या सातव्या भागात केन हॉडर आला आणि चार चित्रपट टिकला, हाच अपवाद. मुखवट्याआडचा माणूस बदलला तरी जेसन जेसनच राहतो, हे प्रेक्षकांना निर्मात्यांनीच शिकवले. मग ते सोंग आपणही घेऊ शकतो असे चाहत्यांना वाटले, यात नवल नाही.

परवानगीवाचून घेतलेले पात्र ही भयपटांच्या इतिहासातली नवी गोष्टही नव्हे. जर्मनीतल्या प्राना फिल्म या कंपनीने १९२२ साली 'नोस्फेरातू' काढला. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवर बेतलेला होता, पण हक्क घेतलेले नव्हते. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक झाला, इंग्लंडऐवजी विसबोर्ग नावाचे काल्पनिक जर्मन गाव आले. गोष्ट तीच राहिली. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स हिने दावा लावला. प्राना तोवर दिवाळखोरीत गेली होती, त्यामुळे पैसे मिळण्याची आशा नव्हती. १९२५ साली न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती तोवर देशाबाहेर गेल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचला.

या अनधिकृत चित्रपटाने मूळ कथेला एक मोठी देणगी दिली. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडतो. त्याची शक्ती कमी होते, एवढेच. उन्हाचा किरण लागताच पिशाच विरून जाते ही कल्पना 'नोस्फेरातू'ची. पुढच्या शंभर वर्षांतल्या असंख्य पिशाचपटांनी ती मूळचीच असल्यासारखी वापरली. नक्कल करणारा मूळ वस्तूत भर घालतो, आणि ती भर कधीकधी मुळापेक्षा घट्ट बसते. चाहत्यांच्या लघुपटांकडे पाहताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे.

प्राना ही कंपनी होती. घरच्या कॅमेऱ्यावर राक्षस उभे करणारी पोरे पुढे तीस वर्षांनी आली. कोडॅकने ८ मिलिमीटरची फिल्म १९३२ सालीच बाजारात आणली होती. वाढदिवस, सहली, लग्ने टिपण्यासाठी मध्यमवर्गीय अमेरिकी घरांत तिचे कॅमेरे पोचले. १९५७ साली युनिव्हर्सल कंपनीचे जुने भयपट 'शॉक थिएटर' या नावाने दूरचित्रवाणीला विकले गेले, आणि बोरिस कार्लॉफचा राक्षस व बेला लुगोसीचा ड्रॅक्युला रात्री उशिरा दिवाणखान्यात येऊ लागले. पुढच्याच वर्षी फॉरेस्ट जे. ॲकरमनच्या संपादनाखाली 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे मासिक निघाले. त्यात रंगभूषेची छायाचित्रे असत. ती पाहून शाळकरी मुलांना पहिल्यांदा कळले की राक्षस जन्मत नाही, कुणीतरी तो तासन्‌तास बसून बनवतो. कार्लॉफच्या चेहऱ्यावर जॅक पिअर्स हा रंगभूषाकार रोज सुमारे चार तास काम करत असे.

या पिढीचा सर्वांत चिकाटीचा प्रतिनिधी म्हणजे डोनाल्ड ग्लट. १९५३ साली, वयाच्या नवव्या वर्षी त्याने डायनोसॉरवर पहिला चित्रपट केला आणि १९६९ पर्यंत एकूण ४१ हौशी चित्रपट पुरे केले. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, ड्रॅक्युला, लांडगामानव, पुढे स्पायडरमॅनसुद्धा, सगळे त्याच्या कॅमेऱ्यासमोर आले. कलाकार म्हणजे मित्र, चित्रस्थळ म्हणजे आसपासची जागा. पुढे हाच ग्लट व्यावसायिक लेखक झाला आणि 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चे कादंबरीरूप त्याने लिहिले. पण त्याच्या हौशी काळातली सर्वांत हृद्य घटना १९६३ ची. 'द ॲडव्हेंचर्स ऑफ द स्पिरिट' या त्याच्या चित्रपटात राक्षसाच्या भूमिकेसाठी स्वतः ग्लेन स्ट्रेंज आला. चाळीसच्या दशकात युनिव्हर्सलच्या तीन चित्रपटांत फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस साकारलेला हा नट एकोणीस वर्षांच्या पोराच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. मूळ नटाने चाहत्याच्या चित्रपटात येण्याची ही प्रथा तेव्हापासून आजपर्यंत चालत आली आहे, आणि या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती बव्हंशी तिच्यामुळेच.

पिअर्सने बनवलेला राक्षस मात्र प्रत्येकाला जमणारा नव्हता. सपाट कपाळ, जड पापण्या, मानेतले खिळे हे सगळे उभे करायला हात कसलेला लागे, आणि ते रूप युनिव्हर्सलच्या मालकीचे होते. ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९५७ साली फ्रँकेन्स्टाइनवर चित्रपट काढला तेव्हा ख्रिस्तोफर लीसाठी मुद्दाम वेगळा चेहरा घडवावा लागला, तो याच कारणाने. सत्तरच्या दशकानंतरच्या खलनायकांनी ही अडचण दूर केली. त्यांचे चेहरेच मुळात दुकानातून आले होते.

१९७८ च्या वसंतात 'हॅलोवीन' करताना दिग्दर्शक जॉन कारपेंटरच्या हाताशी सुमारे तीन लाख डॉलर होते आणि चित्रणाला जेमतेम वीस दिवस. खुन्यासाठी खास मुखवटा घडवून घेणे परवडणारे नव्हते. कलादिग्दर्शक आणि संकलक टॉमी ली वॉलेसने हॉलिवूड बुलेव्हार्डवरच्या दुकानातून रबरी मुखवटे आणले. एक विदूषकाचा होता. दुसरा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा, डॉन पोस्ट स्टुडिओने काढलेला. किंमत दोन डॉलरच्या आतबाहेर. वॉलेसने त्याच्या भुवया आणि कल्ले काढून टाकले, डोळ्यांची भोके कातरून मोठी केली, केस विस्कटले आणि वरून पांढरा रंग फवारला. माणसाच्या चेहऱ्यावरून ओळख पुसून टाकली की काय उरते, ते या मुखवट्यात दिसते. तो घालणारा निक कॅसल हा कारपेंटरचा महाविद्यालयातला मित्र होता. त्याला दिवसाला २५ डॉलर मिळाले.

जेसनच्या हॉकीच्या मुखवट्याची कथाही अशीच हाताला लागेल ते उचलण्याची आहे. पहिल्या चित्रपटात खुनी जेसन नसतोच. खून करते त्याची आई. जेसन दिसतो तो तळ्यातून उसळणारा बुडालेला मुलगा म्हणून, तोही स्वप्नात. दुसऱ्या भागात तो मोठा होऊन येतो, पण डोक्यावर कापडी पिशवी असते. तिसरा भाग १९८२ साली त्रिमितीत चित्रित होत होता. प्रकाशाच्या एका चाचणीसाठी खलनायकाचा चेहरा झाकायला काहीतरी हवे होते. त्रिमिती तंत्राचे काम पाहणारा मार्टिन जे सॅडॉफ हॉकीचा वेडा होता, आणि त्याच्या सामानात गोलरक्षकाचा मुखवटा होता. तो चढवला. दिग्दर्शक स्टीव्ह मायनरला आवडला, पण नटाच्या डोक्याला लहान पडत होता, म्हणून त्यावरून मोठा साचा काढला, नवी भोके पाडली, लाल त्रिकोण रंगवले. आज त्या मुखवट्यावरून चित्रपटाचे नाव न सांगताही जेसन ओळखला जातो.

चाहत्यांच्या निर्मितीची सुरुवातही इथेच होते. पटकथा नंतर, आधी मुखवटा. मायकल मायर्सच्या मुखवट्याचे वेड असलेली मंडळी कारखान्यातून आलेली रबरी प्रत जशीच्या तशी कधी वापरत नाहीत. तिचा रंग काढतात, डोळ्यांच्या कडा पुन्हा कातरतात, केस उपटून नवे लावतात, पांढऱ्यावर करड्या छटा चढवतात. या कामाला त्यांच्या बोलीत 'रीहॉल' म्हणतात. मानेपाशी रबर किती फाकले आहे, डाव्या डोळ्याच्या भोकाची कड कशी वळली आहे, यावर वाद होतात. बाहेरच्याला हे खुळ वाटेल. पण पडद्यावर त्याचा हिशेब चुकता होतो: जिथे मुखवटा नवाकोरा आणि चकचकीत दिसतो तिथे भीती मरते, आणि कुणीतरी पोशाख करून आला आहे एवढेच उरते.

दुसरी गोष्ट अंधाराची. 'हॅलोवीन'मधला एक क्षण चाहत्यांनी जितक्या वेळा गिरवला आहे तितका क्वचितच दुसरा असेल. नायिका लॉरी भिंतीला टेकून रडते आहे. तिच्या शेजारी दार उघडे आहे आणि आत मिट्ट काळोख. त्या काळोखात हळूहळू एक फिकट चेहरा उमटतो. कुणी आत आलेले नाही. तो तिथेच होता. छायाचित्रकार डीन कंडी याने मुखवट्यावर एक लहानसा दिवा रोखला आणि तो मंदकाने (डिमरने) सावकाश वाढवला, बस्स. मुखवटा पांढरा आणि अंगात गडद रंगाचा अंगरखा, त्यामुळे प्रकाश वाढतो तसा धडावाचून चेहराच वर येतो. प्रेक्षकाचा डोळा लॉरीच्या उजळलेल्या चेहऱ्यावर खिळलेला असतो, म्हणून मागचा बदल त्याला आधी जाणवतो आणि मग दिसतो.

हौशी दिग्दर्शकाला हा धडा सोन्यासारखा आहे, कारण त्याला खर्च नाही. दाराआड काळे कापड, दोरीवर टांगलेला लहान एलईडी दिवा, त्याला मंदक. पण बहुतेकांची पहिली चूक ठरलेली असते. दिवा फार लवकर वाढतो. मूळ दृश्यात वाट पाहण्याला जो वेळ दिला आहे तो देण्याची हिंमत नवशिक्याकडे नसते, आणि लघुपटाची मिनिटे मोजकी असल्याने त्याला घाई सुटलेली असते. चांगली फॅन फिल्म आणि वाईट फॅन फिल्म यांतला फरक पुष्कळदा या चार-पाच सेकंदांत दिसतो.

आवाजाचेही तसेच. कारपेंटरने 'हॅलोवीन'चे संगीत स्वतः रचले, पाच मात्रांच्या ठेक्यात. कान चारची अपेक्षा करतो आणि पाचव्या मात्रेला अडखळतो. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनी याने आईला उद्देशून मुलाने केलेल्या विनवणीतली दोन अक्षरे उचलली, 'कि' आणि 'मा'. ती मायक्रोफोनसमोर फुसफुसून प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढली. जेसन पडद्यावर नसतानाही तो जवळ आहे हे त्या फुसफुशीतून कळते. चाहत्यांनी हे सूत्र पुरते आत्मसात केले आहे. खलनायक दाखवण्याचे पैसे नसतील तर तो ऐकवता येतो.

रक्ताचा मामला मात्र तितका सोपा नाही. कृष्णधवल काळात ते सोपे होते. 'सायको'मध्ये आणि 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले गेले. रंगीत चित्रपटात मक्याचे सिरप आणि खाण्याचा रंग हा पाया, आणि त्यावर ज्याचा त्याचा हात. हे मिश्रण चिकट असते. वाळले की काळपट पडते, कपडा अंगाला डकवते, मुंग्या बोलावते. सदरे दोनच असतील तर खुनाच्या दृश्याचे 'टेक'ही दोनच मिळतात. त्यामुळे हौशी गट तालीम कसून करतात, आणि पुष्कळांनी वार दाखवण्याऐवजी वार झाल्यावरचा हात, भिंत, बूट दाखवणे पसंत केले आहे. ही काटकसर त्यांना नकळत मूळ चित्रपटाच्या जवळ नेते, कारण 'हॅलोवीन'मध्येही रक्त फारच थोडे आहे.

या सगळ्या परंपरेचा कस लागलेले उदाहरण म्हणजे 'नेव्हर हाइक अलोन'. ते समजायला आधी जेसनच्या मालकीचे भांडण समजले पाहिजे.

'फ्रायडे द थर्टीन्थ'ची पटकथा १९७९ साली व्हिक्टर मिलरने लिहिली; दिग्दर्शक-निर्माता शॉन कनिंगहॅम. अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाला ३५ वर्षांनंतर आपले दिलेले हक्क परत मागण्याची सोय आहे. अट एकच: ते लेखन नोकरीचा भाग म्हणून केलेले नसावे. मिलरने २०१६ साली नोटीस दिली. तो आपला नोकर होता, असा निर्मिती कंपनीचा दावा. स्वतंत्र लेखक होतो, असा मिलरचा. २०१८ साली जिल्हा न्यायालयाने आणि ३० सप्टेंबर २०२१ रोजी अपील न्यायालयाने मिलरच्या बाजूने निकाल दिला. मूळ पटकथेचे अमेरिकेपुरते हक्क त्याच्याकडे आले. पण त्या पटकथेतला जेसन म्हणजे बुडालेला मुलगा. हॉकीचा मुखवटा घातलेला धिप्पाड जेसन नंतरच्या भागांतला. तो कुणाचा, हा प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही. परिणाम असा की एकाकडे मुलगा होता, दुसऱ्याकडे मुखवटा, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून धड पुढे जाता येईना. २०१७ साली आलेल्या जेसनवरच्या व्हिडिओ गेममध्ये नवी भर घालणेही वर्षभरात या खटल्यापायी थांबवावे लागले.

मालिकेचा बारावा चित्रपट २००९ साली आला होता. पुढचा पॅरामाउंट कंपनी १३ ऑक्टोबर २०१७ ला, नेमक्या शुक्रवारी, प्रदर्शित करणार होती. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत तो रद्द झाला. ठरल्या दिवशी जेसन आला खरा, पण चाहत्यांकडून. १३ ऑक्टोबर २०१७ रोजी दिग्दर्शक व्हिन्सेंटे डिसांटी याने 'नेव्हर हाइक अलोन' हा सुमारे ५४ मिनिटांचा चित्रपट यूट्यूबवर फुकट ठेवला. पैसा किकस्टार्टरवरून वर्गणी काढून उभा केलेला होता. मुखवट्याआड डिसांटी स्वतः होता.

गोष्ट साधी आहे. काइल मॅक्लाउड नावाचा तरुण एकटाच जंगलात पायी भटकायला निघतो आणि स्वतःच्या कॅमेऱ्याशी बोलत आपली सफर टिपत जातो. प्रवेशबंदीची पाटी ओलांडून तो एका ओसाड छावणीत पोचतो. ती जेसनची क्रिस्टल लेकची छावणी आहे. बराच वेळ पडद्यावर एकच माणूस आणि झाडे. मूळ मालिकेत दहा-बारा तरुण असत आणि एकेक करून संपत. इथे मोजायला बळीच नाहीत. काइलला ड्र्यू लेटी या नटाने असा उभा केला आहे की प्रेक्षक त्याच्या चालण्याच्या लयीत रमतो, त्याची थट्टा ऐकतो, आणि म्हणून झाडांत काही हलले की खरोखर दचकतो. तो मूर्ख नाही. जखमी झाल्यावर जखम बांधतो, विचार करतो, परततो, लढतो. व्यावसायिक निर्मात्यांना जे धाडस तीस वर्षांत झाले नव्हते ते इथे आहे: खलनायकाला धाक परत मिळावा म्हणून बळीला शहाणा करणे.

शेवटी काइल रुग्णवाहिकेत शुद्धीवर येतो, आणि त्याच्याशी बोलणारा माणूस मूळ मालिकेतला टॉमी जार्विस असल्याचे उघड होते. १९८६ च्या सहाव्या भागात टॉमीचे काम केलेला थॉम मॅथ्यूज एकतीस वर्षांनी त्याच भूमिकेत परतला होता. ग्लेन स्ट्रेंजने जे ग्लटसाठी केले तेच मॅथ्यूजने डिसांटीसाठी केले. पुढे १३ ऑक्टोबर २०२० रोजी 'नेव्हर हाइक इन द स्नो' आला. त्यात मॅथ्यूजबरोबर सहाव्या भागातला पोलीसवाला रिक कोलोन, म्हणजे नट व्हिन्सेंट ग्वास्टाफेरो, हाही होता. २०२३ च्या १३ ऑक्टोबरला, पुन्हा शुक्रवारी, 'नेव्हर हाइक अलोन २' आला. दरम्यान २०१९ साली दुसऱ्या एका गटाने 'फ्रायडे द थर्टीन्थ: व्हेन्जन्स' केला. त्यात सहाव्या भागातला जेसन, सी. जे. ग्रॅहॅम, जेसनच्या बापाच्या, इलायसच्या भूमिकेत दिसला. मालक न्यायालयात असताना घर सांभाळले ते चाहत्यांनी, हे इथे अक्षरशः खरे आहे.

या चित्रपटांतला एक वाद ऐकण्यासारखा आहे. जेसन धावतो की चालतो? दुसऱ्या भागात तो धावतो, २००९ च्या चित्रपटातही धावतो. मधल्या भागांत, तो मेल्यावर पुन्हा उठल्यापासून, सावकाश चालतो आणि तरीही गाठतो. प्रत्येक फॅन फिल्मला यात बाजू घ्यावी लागते. धावणारा जेसन माणूस असतो, चालणारा जेसन मृत्यू असतो. डिसांटीचा जेसन चालतो, आणि चित्रपटाच्या दृष्टीने तेच बरोबर आहे, कारण काइलच्या पायाला इजा झाल्यावर दोघांचा वेग एक होतो.

फ्रेडी क्रूगरचे प्रकरण अगदी निराळे आणि चाहत्यांच्या दृष्टीने फार अवघड. त्याला मुखवटा नाही. भाजलेल्या कातडीची रंगभूषा आहे, आणि तिच्याआड रॉबर्ट इंग्लंडचा आवाज, खांद्याची ढब, जीभ. पात्यांचा पंजा करता येतो; जिम डॉयलने केलेल्या मूळ पंजाच्या प्रतिकृती ढीगभर मिळतात. लाल-हिरव्या पट्ट्यांचा स्वेटर विणता येतो. हे दोन रंग शेजारी आले की डोळ्याला त्रास होतो असे वाचून दिग्दर्शक वेस क्रेव्हनने ते निवडले होते. इंग्लंड मात्र मिळत नाही. जेसनच्या जागी कुणीही उभा राहिला तरी चालते, फ्रेडीच्या जागी उभा राहिलेला लगेच तोतया वाटतो.

म्हणून फ्रेडीवरच्या चांगल्या लघुपटांनी वाट बदलली. २०१५ साली नेथन थॉमस मिलिनरने 'द कन्फेशन ऑफ फ्रेड क्रूगर' केला. त्यात फ्रेडी जळायच्या आधीचा, म्हणजे चेहरा शाबूत असलेला माणूस आहे. पोलीस ठाण्यातली एक खोली, मेज, समोर अधिकारी आणि बोलणारा फ्रेड. स्वप्ने नाहीत, चमत्कार नाहीत. मूळ मालिकेने पुढेपुढे फ्रेडीला विनोदी टोमणे मारणारा गमत्या करून टाकले होते, आणि तो लहान मुलांना मारणारा होता ही गोष्ट मागे पडली होती. या लघुपटाने ती पुन्हा समोर ठेवली. केविन रोचचा फ्रेड पाहताना हसू येत नाही. रंगभूषेचे पैसे नसण्यातून निघालेली ही कल्पना मालिकेच्या कित्येक भागांपेक्षा जास्त टोचते.

सगळ्यांना एकत्र आणण्याचा मोहही या प्रांतात जुना आहे. क्रिस नोटारिलेने २००४ साली 'द नाइटमेअर एंड्स ऑन हॅलोवीन'मध्ये फ्रेडी, जेसन, मायकल अशांना एकमेकांसमोर उभे केले. आदल्याच वर्षी 'फ्रेडी व्हर्सेस जेसन' हा अधिकृत चित्रपट आला होता, आणि सँडी कोलोराचा 'बॅटमॅन: डेड एंड' हा आठ मिनिटांचा लघुपट सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये गाजला होता, त्यात जोकरबरोबर एलियन आणि प्रेडेटरही होते. अशा मेळाव्यांत टाळ्या भरपूर पडतात, भीती मात्र वाटत नाही. दोन राक्षस एकमेकांशी लढू लागले की माणूस प्रेक्षक होऊन बाजूला बसतो, आणि भयपटाला माणूस मध्ये लागतो.

भारतात या खलनायकांचा प्रवास उलट्या दिशेने झाला. फॅन फिल्ममध्ये नाव मूळचे आणि गोष्ट नवी असते. इथे गोष्टीचे बीज आले आणि नावे बदलली. रामसे बंधूंच्या 'महाकाल'मध्ये एल्म स्ट्रीटवरचा पंजा शाकाल नावाच्या दुष्टाच्या हाताला चढला. मराठीत १९९३ साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही त्यातली कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मधली. तिथे बाहुला दुकानात विकले जाणारे खेळणे आहे. इथे तो शब्दभ्रमकाराचा बोलका बाहुला झाला, आणि तो घडवला रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्या घरात ही कला वडिलांपासून होती. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या यांच्यामध्ये तो बाहुला असा बसला की मराठी घरांतल्या एका पिढीला मूळ बाहुला चकी पुढे दिसला तेव्हा तोच तात्या विंचूची नक्कल वाटला. हा व्यावसायिक चित्रपट होता, फॅन फिल्म नव्हे. पण उसना खलनायक आपल्या मातीत रुजवायचा तर त्याला आपल्याकडची एखादी जिवंत कला द्यावी लागते, हे त्याने दाखवले.

कायद्यापुढे या लघुपटांची बाजू दुबळी आहे. पात्राचे नाव, मुखवटा, संगीत हे सगळे संरक्षित असते, आणि पैसे कमावले नाहीत एवढ्याने वापर वैध ठरत नाही. ते चालतात ते हक्कदारांच्या काणाडोळ्यावर. तो कधी संपेल हे सांगता येत नाही. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी वर्गणीतून दहा लाख डॉलरहून अधिक जमवून 'ॲक्सानार' हा मोठा चित्रपट हाती घेतला, तेव्हा पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दावा लावला. पुढच्या जूनमध्ये त्यांनी चाहत्यांसाठी नियम जाहीर केले: एक कथा १५ मिनिटांची, फार तर दोन भाग, वर्गणीची मर्यादा ५०,००० डॉलर. भयपटांच्या हक्कदारांनी असे नियमपत्रक काढलेले नाही. म्हणून प्रत्येक लघुपटाच्या आरंभी, हा नफ्यासाठी नाही आणि हक्क मूळ मालकांचे आहेत, अशी ओळ येते. कायद्यात तिला फारसे वजन नाही, पण तिच्यातून मालकाला केलेला नमस्कार पोचतो.

मालकांनीही आता लघुपटाचे माप उचलले आहे. २०२५ साली जेसनचा 'स्वीट रिव्हेंज' हा अधिकृत लघुपट इंटरनेटवर फुकट आला, एका पेयाच्या कंपनीच्या पैशातून. सोळा वर्षांनी परतलेल्या जेसनने मोठ्या पडद्याऐवजी चाहत्यांचेच व्यासपीठ निवडले.

जुने राक्षस तोवर मोकळे होऊ लागले आहेत. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) वर शीर्षक बदलताना हक्काची सूचना छापायची राहून गेली, त्यामुळे तो अमेरिकेत पहिल्या दिवसापासूनच सार्वजनिक झाला, आणि चालत्या मढ्यांवर कुणाची मालकी उरली नाही. १९३१ चे 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' ९५ वर्षांची मुदत संपून १ जानेवारी २०२७ ला अमेरिकेत सार्वजनिक होतात. ग्लटने आणि त्याच्यासारख्या पोरांनी चोरून उभा केलेला सपाट कपाळाचा राक्षस त्या दिवसापासून उघडपणे करता येईल. नटांच्या वारसांचे आणि ट्रेडमार्कचे हक्क तेवढे सांभाळावे लागतील. मायकल मायर्सच्या पहिल्या चित्रपटाची मुदत त्याच हिशेबाने २०७३ अखेर संपते, आणि सॅडॉफच्या सामानातून निघालेल्या हॉकीच्या मुखवट्याची, म्हणजे तिसऱ्या भागाची, २०७७ अखेर.